गावंडे मास्तरांची जमीन

स्वतःच्या पायांखालची जमीन स्वतः घडवणारी माणसं युगातून एखादीच जन्माला येतात. हे वाक्य मी गावंडे मास्तरांच्या निरोप समारंभासाठी आदल्या दिवशी तयार केलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी योग्य तिथे थांबून, योग्य तिथे आवाज चढवून ते म्हटलंही. टाळ्या सुरू होणार एवढ्यात हार घालून खुर्चीत बसलेले गावंडे मास्तर मोठ्याने म्हणाले, "जमीन माही हाये, थे खरं. पन चहाच्या खोक्याची हाये, थेबी सांगा ना, भाषावाले."

टाळ्या झाल्या, पण त्यांच्या वाक्याला.

अकोल्याच्या त्या शाळेत मी मराठी शिकवत असे आणि ते भूगोल. म्हणून मी 'भाषावाले'. हेडमास्तरांना ते सर म्हणत, बाकी सगळ्यांना विषयावरून हाक मारत. गणित आलं का, चित्रकला आज सुट्टीवर हाये का, असं चालायचं. नव्या माणसाची ओळख झाली की नाव विचारण्याआधी विचारायचे, "तुमच्याकडची माती कोन्ती?" पुण्याकडून बदलून आलेल्या एका गृहस्थांना हा आपल्या घराण्याबद्दलचा प्रश्न वाटला आणि ते दोन महिने त्यांच्याशी बोलले नाहीत. मास्तरांच्या ते लक्षातही आलं नाही. त्या गृहस्थांची माती तांबडी, एवढी माहिती त्यांना दुसरीकडून मिळाली होती आणि तेवढी पुरेशी होती.

वर्गातला त्यांचा नकाशा जुना होता. दर वर्षी प्रत्येक वर्गाला "आपुन येथं आहो" असं सांगताना ते अकोल्यावर बोट टेकवत. त्यामुळे अकोल्याच्या जागी आता भोक पडलं होतं आणि त्यातून भिंतीचा चुना दिसायचा. छप्पन साली वऱ्हाड मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलं, साठ साली महाराष्ट्रात आलं. दोन्ही वेळा शाळेत भाषणं झाली. पहिल्या भाषणात आम्ही एका ऐतिहासिक पर्वात प्रवेश केला आणि दुसऱ्यात त्यातून बाहेर पडून दुसऱ्यात. गावंडे मास्तरांनी दोन्ही वेळा शाईच्या कुंचल्याने नकाशावरची रेघ सरकवली. "रेघ हालली," ते म्हणायचे, "माती तेथंच हाये."

त्या दोन भाषणांच्या मधल्या एका उन्हाळ्यात त्यांनी घरात लाकडी जमीन टाकली.

त्यामागचं कारण सगळ्या शाळेला माहीत होतं. त्यांच्या बायकोचे, सुभद्रावहिनींचे, गुडघे हिवाळ्यात दुखायचे. ते भाड्याने राहत ते घर मोतीशेठचं, आणि खाली सगळी शहाबादी फरशी. उन्हाळ्यात त्या फरशीवर उघड्या अंगाने पडणं हे अकोल्यातलं मोठं सुख. पण दिवाळी झाली की वहिनींच्या म्हणण्याप्रमाणे ती फरशी चावायची. तरट टाकून झालं, सतरंजी टाकून झाली. मग भाऊबीजेला माहेरी, अंजनगाव सुर्जीला जायच्या, त्या होळीच्या आसपास परत यायच्या. मधले महिने मास्तर हाताने स्वयंपाक करत आणि शाळेत डबा न आणता सगळ्यांच्या डब्यांची चौकशी करत हिंडत.

मास्तर त्यांना जा म्हणायचे नाहीत आणि राहा म्हणायचे नाहीत. मोटार स्टँडवर पोचवायला जायचे, बस सुटली की शाळेत यायचे आणि त्या दिवशी हमखास ध्रुवप्रदेश शिकवायचे, मग अभ्यासक्रमात तो असो किंवा नसो.

लाकडाची कल्पना चिखलदऱ्याच्या सहलीत सुचली. तिथे एका जुन्या बंगल्याच्या दिवाणखान्यात सागवानी फळ्यांची जमीन होती. चौकीदार आत सोडत नव्हता. मास्तरांनी त्याला त्याच्या गावची माती विचारली, तो बोलण्यात गुंतला, आणि हे चपला हातात घेऊन आत जाऊन उभे राहिले. बाहेर आले तेव्हा चेहरा देवदर्शन झाल्यासारखा. "भाषावाले, थंडी हाये का नाई येथं? हाये. पन पायाले समजतच नाई."

अडचण मोतीशेठची होती. त्यांची अट एकच. "मास्टर, काय बी करा. माह्या फरशीले खिळा नाई, भिंतीले छिद्र नाई. एक टवका उडला का घर खाली." आता फळ्यांची जमीन खिळ्यांशिवाय बसते कशी? यावर मास्तरांनी उन्हाळी सुट्टी लागायच्या आत उत्तर काढलं. जमीन बसवायचीच नाही. नुसती ठेवायची. फळी फळीत अडकेल, पण खालच्या फरशीत कोणीच अडकणार नाही. "पान्यावर नाव राह्यते ना, तशी. फकस्त येथं पानी नाई."

त्या दिवसांत ते शिक्षकांच्या खोलीत सहज म्हणाले, "यंदा सुट्टीत जमीन टाकून राह्यलो."

वऱ्हाडात हे वाक्य असं सोडून देता येत नाही. हेडमास्तरांनी उठून हात हातात घेतला. गणिताच्या देशमुखांना तर वाईटच वाटलं, कारण स्वतःचं शेत त्यांनी नुकतंच भावाला देऊन टाकलं होतं.

"किती एकर?" त्यांनी विचारलं.

"बारा बाय दहा."

"बारा बाय दहा काय?"

"फूट."

देशमुखांनी बोटांवर काही तरी हिशेब केला. मग हळूच म्हणाले, "ओलिताची का कोरडवाहू?"

"कोरडवाहू," मास्तर गंभीरपणे म्हणाले. "पान्याचा थेंब लागू द्याचा नाई तिले."

मे महिन्यात मी संध्याकाळी त्यांच्याकडे जात असे. पाडलेल्या एका जुन्या जिनिंग कारखान्याच्या माडीच्या सागवानी फळ्या त्यांनी आणल्या होत्या आणि त्यांच्या पातळ पट्ट्या चिरून घेतल्या होत्या. बाजारातल्या चहाच्या दुकानांतून रिकामी खोकी आणली होती. खोक्याचं लाकूड हलकं, तीन पापुद्रे एकमेकांना आडवेउभे चिकटवलेलं. त्यावर सागाची पट्टी डकवायची. खाली चहा, वर साग. डकवायला सरस. सरस चुलीवर आटवताना जो वास सुटतो त्याचं वर्णन मी करणार नाही. तो जनावरांच्या कातड्या-हाडांपासून होतो एवढं सांगितलं म्हणजे पुरे. दुसऱ्याच दिवशी मोतीशेठ नाकाला उपरणं लावून दारात उभे.

"मास्टर, माह्या घरात हे काय शिजून राह्यलं?"

"जमीन," मास्तर पळीने ढवळत म्हणाले.

मोतीशेठ शाकाहारी माणूस. त्यांनी आत पाऊल न टाकता चुलीकडे बराच वेळ पाहिलं आणि खिळ्यांची अट पुन्हा एकदा सांगून गेले. वहिनी ओसरीवर कैऱ्या चिरत होत्या. मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमी तरी सांगा याइले. माहे गुडघे दुखतेत तर माह्या गुडघ्याले तेल लावा. घराले कायले लावून राह्यले?"

पण डोळे कैरीवर नव्हते, पट्ट्यांवर होते.

प्रत्येक फळीच्या एका कडेला खाच, दुसऱ्या कडेला जीभ. मागून आणलेल्या रंध्याने मास्तर खाचा पाडत, आणि पुढची फळी लाकडाच्या ठोकळ्याने ठोकून बसवत. फरशीवर आधी कपाशीच्या गाठीचं तरट अंथरलेलं. जूनच्या सुरुवातीला काम संपलं. भिंतीपासून भिंतीपर्यंत अशी चपखल जमीन, की कडेला पोस्टकार्ड सरकणार नाही. हे त्यांनी पोस्टकार्ड घेऊन, चारी बाजूंनी फिरून मला दाखवलं. पोस्टकार्ड कुठेच सरकलं नाही. त्यांना फार आनंद झाला.

त्याच आनंदात शाळा तपासायला आलेल्या साहेबांना ते घरी घेऊन आले. साहेबांना स्वावलंबनावर बोलण्याची सवय होती. दारातूनच ते म्हणाले की असे शिक्षक हेच नव्या राष्ट्राचे शिल्पकार, आणि बूट घालून आत निघाले. "साहेब, जोडे," वहिनी आतून म्हणाल्या. साहेबांनी जोडे काढले. मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. पुढचं भाषण त्यांनी उभ्याने, एक पाय दुसऱ्यामागे लपवून, लवकर संपवलं. मी ऐकलेलं त्यांचं हे सर्वांत चांगलं भाषण.

मग श्रावणात झड लागली. आठवडाभर सूर्य नाही. एका सकाळी वहिनींची हाक शेजारपाजारच्या चार घरांत ऐकू गेली, "आवं मास्तर! तुमच्या जमिनीनं वशिंड काढलं!"

शाळेत जाता जाता मी डोकावलो, खरोखर वशिंडच होतं. खोलीच्या मधोमध जमीन वर उचलली होती, बैलाच्या पाठीसारखी. पितळी डबा ठेवला तर कलंडून भिंतीकडे जात होता. वहिनी तो पुन्हा पुन्हा ठेवून पाहत होत्या आणि हसत होत्या. मास्तर एका बाजूने वशिंडावर उभे राहिले, तर ते दुसऱ्या बाजूला सरकलं. मग त्यांनी टोपी घातली आणि ते शाळेत आले.

माझा वर्ग त्यांच्या वर्गाला लागून. मधली भिंत लाकडी, त्यामुळे त्यांचा भूगोल मला रोज ऐकावाच लागे. त्या दिवशी आठवीला काळी माती चालू होती. "काळी माती पानी पेते. पेली का फुगते. उन्हाळ्यात सुकते, आकसते, मंग तिले भेगा पडतेत. भेगा काहून पडतेत, पोट्ट्याहो? फुगाले जागा पायजे म्हनून..." आणि आवाज थांबला. इतका वेळ थांबला की माझ्या वर्गातली मुलंही कविता सोडून भिंतीकडे पाहू लागली. मग दाराशी गावंडे मास्तर.

"भाषावाले," ते म्हणाले, "मी बह्याड आहो."

बह्याड म्हणजे वेडपट; मी मुलांसमोर यावर मत दिलं नाही.

"सारी जिंदगी पोराइले भेगा शिकवतो. आन माह्या जमिनीले मी एकबी भेग ठेवली नाई. पोस्टकार्ड लावून पाह्यलं ना आपुन!"

'आपुन' हा शब्द मला त्या वेळी जरा जड वाटला. पण त्या संध्याकाळी मी कडेच्या फळ्या उचलायला गेलो. चारी भिंतींशी बोटभर जागा ठेवून त्यांनी त्या कापल्या, त्या फटीवर एक पट्टी नुसती टेकवून ठेवली, आणि वशिंड दोन दिवसांत आपोआप खाली बसलं. लाकूडही काळ्या मातीसारखंच वागतं, हा शोध त्यांनी सगळ्या शाळेला सांगितला. त्यात पोस्टकार्डाचा उल्लेख नसे.

दिवाळी आली. वहिनींनी त्या लाकडी जमिनीवर बसून करंज्या केल्या, चकल्या पाडल्या. गुडघ्यांचं नाव कोणी काढलं नाही. मास्तर रोज मला सांगत, "आज सकाळपासून बसून हाये, भाषावाले. उठतानी हात टेकला नाई." आणि भाऊबीजेला वहिनींनी पिशवी भरली.

ते स्टँडवर पोचवून आले. ध्रुवप्रदेशसुद्धा शिकवला नाही. मुलांना नकाशे भरायला देऊन खिडकीशी उभे राहिले. मधल्या सुट्टीत माझ्या डब्यातली भाकरी त्यांनी नाकारली, तेव्हा मला प्रकरण गंभीर वाटलं.

"जमीन झाली," ते म्हणाले. "आता काहून गेली?"

मी भाकरी परत डब्यात ठेवली. पुढे तीन आठवडे ते एकटेच त्या जमिनीवर राहिले. मग एका शनिवारी म्हणाले, "उद्या अंजनगावले जातो. तुमी चाला. मी एकटा गेलो तर थे म्हनन, न्याले आला. दोघं गेलो तर पाहुने."

दर्यापूरला बस बदलून आम्ही दुपारी पोचलो. घरी सुभद्रावहिनींची भावजय म्हणाली, बाई शेतात हायेत. शेत जवळच होतं. कापसाची वेचणी जोरात. ओळीने बायका वाकलेल्या, आणि सगळ्यांच्या बरीच पुढे, कमरेला ओटी बांधून, दोन्ही हातांनी बोंडं रिकामी करत चाललेली बाई म्हणजे सुभद्रावहिनी. वाकत होत्या, उकिडव्या बसत होत्या, पोरीसारख्या उठत होत्या. मागच्या बायकांना ओरडून काही तरी टोमणा मारत होत्या, आणि त्या हसत होत्या. अकोल्याच्या घरात मी त्यांचा असा आवाज फक्त एकदा ऐकला होता, वशिंडाच्या दिवशी.

मी मास्तरांकडे पाहायचं टाळलं. गुडघ्यांसाठी आख्खा उन्हाळा सरस ढवळलेला माणूस बांधावर उभा होता आणि समोर ते गुडघे.

वहिनींनी मान वर केली. हात थांबले.

"काहून आले?"

"थंडी पडली," मास्तर म्हणाले. "म्हटलं गुडघे पाहून याव."

वहिनींनी आपल्या गुडघ्यांकडे असं पाहिलं, जणू ते दुसऱ्या कोणाचे होते आणि इथे कसे आले ते कळत नव्हतं. बायका कापूस वेचायच्या थांबल्या.

"येथं दुखत नाईत," त्या शेवटी म्हणाल्या.

"कसे दुखतीन?" मास्तर लगेच म्हणाले. "काळी जमीन हाये. दिवसभर ऊन पेते, सोडत नाई. भूगोलात हाये थे."

भूगोलात ते नव्हतं. निदान मला शिकवलेल्या भूगोलात नव्हतं. वहिनींना बहुधा तेही समजलं. त्या ओटीतला कापूस उगाच दाबू लागल्या.

"अकोल्यात करमत नाई हो मले," त्या खाली पाहून म्हणाल्या. "तुमी शाळेत जाता. घरी आले का नकाशे काढता. मी फरशीवर बसून काय करू?"

मास्तरांनी मान हलवली. बांधावरचं ढेकूळ उचलून बोटांनी फोडलं. त्यांना हा प्रश्न आधी कधी पडला नव्हता हे स्पष्ट दिसत होतं.

"तुमची थे जमीन कशी हाये?" वहिनींनीच विचारलं.

"वाजते."

"म्हंजे?"

"थंडीनं आकसली. चाललं का कुईकुई करते."

"कुठं?"

"थेच तर समजून नाई राह्यलं ना, सुभद्रे. मी चालतो तवा कान लावता येत नाई. कान लावतो तवा चालता येत नाई. दुसरं मानूस पायजे."

मी बरोबर होतो, चालता येणारा होतो, आणि अकोल्यात त्यांच्यापासून दोन गल्ल्यांवर राहत होतो. माझा विचार त्यांच्या मनात आलेला दिसला नाही. मीही सुचवलं नाही.

वहिनींनी पुढची बोंडं हातात घेतली. "एवढी ओळ होऊ द्या," त्या म्हणाल्या. संध्याकाळच्या बसने आम्ही तिघं परत आलो. अर्धा रस्ता दोघांचा वाद चालला होता, वाजते ती फळी चुलीजवळची असेल की दाराजवळची.

तो हिवाळा मी विसरणार नाही. शाळा सुटली की मास्तर तडक घरी. ते फळ्यांना कान लावून आडवे, आणि वहिनी पावलं टाकत चाललेल्या.

"येथं?"

"नाई, मागं. जरा जोरात."

"अजून जोरात पाय टाकला तर मोतीशेठ येतीन."

मोतीशेठ आलेच. फळ्यांचा ढोलासारखा आवाज येतो, म्हणजे खाली फरशीत नक्की खिळे ठोकणं चालू आहे, अशी त्यांची खात्री. मास्तरांनी दोन फळ्या काढून, तरट उचलून फरशी दाखवली. एक टवका नाही. मोतीशेठ फळ्यांवरून हात फिरवत राहिले. मग गोड आवाजात म्हणाले, "मास्टर, घर सोडसान तवा हे येथंच ठेवसान ना?"

"शेठजी," वहिनी म्हणाल्या, "खिळा नाई म्हन्ले होते ना तुमी? मंग जमीनबी तुमची नाई."

एक फळी दुरुस्त झाली की दुसरी वाजे. हिवाळ्यात आकसे, पावसाळ्यात फुगे, उन्हाळ्यात गप्प बसे. दरवर्षी दिवाळीनंतर जमीन उचलायची, तरट झटकायचं आणि पुन्हा मांडायची हा त्यांच्या घरचा सणच झाला. वहिनी वेचणीला आठ-पंधरा दिवस अंजनगावला जात, आणि मग "घरी काम पडलं हाये" म्हणून परत येत. रंधा मारायला त्याही शिकल्या. त्यांची खाच मास्तरांच्या खाचेपेक्षा सरळ पडे, आणि दोघांची भांडणं पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढली होती.

निरोप समारंभात शाळा त्यांना शाल आणि नारळ देणार होती. त्यांनी दोन्ही नाकारून प्रयोगाच्या कपाटातला जुना थर्मामीटर मागितला. पुढच्याच पौषात, तोपर्यंत माझी अमरावतीला बदली झाली होती, मी एका सकाळी त्यांच्याकडे गेलो. हुडहुडी भरवणारी थंडी. वहिनी आतल्या खोलीत फळ्यांवर ऐसपैस बसून तूर निवडत होत्या. मास्तर मला म्हणाले, आज तुमच्यासमोर शास्त्रीय कसोटी करू. बाहेरच्या बैठकीत मोतीशेठची फरशी तशीच उघडी होती. तिच्यावर थर्मामीटर ठेवून आम्ही बराच वेळ वाट पाहिली. मग आत आणून फळीवर ठेवला, आणि पुन्हा तेवढाच वेळ. मास्तरांनी तो उचलला, चष्मा कपाळावर सारला, उजेडाकडे धरला आणि मग माझ्या हातात दिला.

"काय म्हनते?" वहिनींनी वर न पाहता विचारलं.

"लाकूड गरम हाये," मास्तर म्हणाले.

"थे मले माईतच होतं."

मी थर्मामीटर डबीत घालून कपाटात ठेवला. पारा दोन्ही ठिकाणी एकाच रेघेवर होता.